कुलूप काढण्यात आलं

प्रिय ताई,

तू शिकवलेलं वाया गेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून उगाच स्वतःला बोल लावत बसशील. कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीत मला इंग्रजी जवळजवळ सगळं कळलं. आणि पॅसिव्ह व्हॉइस तर इतका पक्का झालाय, की तुझ्या शाळेतल्या पोरांना मी शिकवीन. तू मला फोनवर मांजर आणि दुधाचं वाक्य उलटवायला लावायचीस. आता दूध पुढच्या बाकावर बसलं, म्हणायचीस, मांजराला हवं तर वाक्यात घे, नाहीतर ठेव दाराबाहेर. आपलं पोरगं, विसरू, गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. मग पोराआधी हसू परत आलं म्हणून रडले.

कारखान्याने पाठवलेल्या इंग्रजी अहवालात सगळं घडलं होतं, पण करणारा कुणीच नव्हता. कुलूप काढण्यात आलं होतं. मशीन चालू करण्यात आलं होतं. त्या दाराबाहेरच्याची मानगूट धरून त्याला आत ओढायचं, एवढ्याचसाठी मी या वयात पाढ्यांसारखी वाक्यं घोकली. टेबलाशी बसून, मोठ्याने. हे समोर बसून ऐकायचे.

दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या त्या अवाढव्य पिंपात कुणी साफसफाईला उतरलं, की त्याने स्विचवर स्वतःचं कुलूप घालायचं. ते असेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आपला विसरू कुलूप घालायचा चोख, काढायचं मात्र विसरायचा आणि तसाच घरी निघून यायचा. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून तिथेच फोरमन असलेले हे आपल्याकडच्या जादा किल्लीने ते गुपचूप काढून आणायचे. त्यावरून आम्ही त्याची किती चेष्टा करायचो.

चौकशीत साहेब बोलले, इंजिनियर बोलला, कचेरीतली बाई बोलली. सगळ्यांचं इंग्रजीत तेच, कुलूप काढण्यात आलं होतं. बाई तर माझ्याकडे बघेचना. नोकरीला चिकटलेली माणसं, म्हणून मी मनातल्या मनात एकेकाचा उद्धार केला. मग ह्यांना उभं केलं. ह्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून शेजारी दुभाष्या. हे आपल्या भाषेत सरळ म्हणाले, की कुलूप मीच काढलं. पोरगं नेहमीसारखं विसरून घरी गेलं असेल असं वाटलं, आत वाकून पाहिलं नाही, बटणही मीच दाबलं. दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाला, कुलूप काढण्यात आलं होतं.

ताई, माझ्यावर दया म्हणून ते सगळे तसं बोलत होते. अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं, एक मी सोडून. मी घरात एकदा विचारलं असतं, तर ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण पोराचा विषय निघाला की हे उठून बाहेर जायचे, आणि मला वाटायचं, बापाचं काळीज आहे, कशाला डिवचा.

आम्ही एकाच बसने घरी आलो. तेव्हापासून मी स्वयंपाक करते, पण ह्यांना वाढायला हात उठत नाही. ते रिकाम्या ताटासमोर बसतात, थोडा वेळ थांबतात आणि उठतात. स्वतःच्या हाताने घेत नाहीत, तेवढाही हक्क राहिला नाही असं वाटत असावं. शिव्या द्याव्यात तर समोरचा माणूस आधीच संपलेला. जवळ घ्यावं तर ते हात दिसतात. त्यांचे गाल बसलेत, काल जिन्यात भिंतीला धरून उभे होते, आणि मी दारातून नुसती बघत राहिले. म्हणून हे लिहितेय. रजा काढ आणि ये. तू वाढलंस तर ते जेवतील. माझ्याच्याने होणार नाही गं, आणि त्यांनाही मरू द्यायचं नाहीये मला.

तुझीच,
धाकटी