रुमालाखालची मिरची

जानेफळ, धुळवडीचा दुसरा दिवस, १९६४

राजमान्य राजेश्री नारायणभाऊ यांसी हिंमतरावाचा हात जोडून रामराम. वहिनींची कंबर आता कशी हाये? इकडं सारं बरं हाये. तुमची बहीण सोजरा मात्र संक्रांतीपासून नुसती शिंकत होती. (माजघरात मिरचीची पोती पडून होती. अवकाळीनं भिजून काळी पडलेली, एक व्यापारी हात लावत नव्हता. होळीच्या आत गेली नाही तर सारी होळीतच टाकते म्हणे. गाव खोकलून मेलं असतं अन् नाव माझं झालं असतं.)

पत्र लिहायचं कारण तुमचे चिरंजीव. इंद्रभान पुण्याहून उतरला तो थेट मालाच्या साखळीचा अभ्यास करायले. मिरची शेतातून ताटात कशी जाते, हे त्याच्या कॉलेजाले ठाऊक नाही म्हणे. आमी अडाणी, आमाले वाटलं पोत्यात भरून जाते. मी भाव अन् वजन सांगू लागलो तर म्हणे, आकडे नको, अनुभव सांगा. एवढं शिकून शेवटी आकडेच सोडायचे होते, तर मी चौथीतच विद्वान झालो होतो की!

मग अनुभव सुरू झाले. गाडीवान उकंडरावाले यानं इचारलं, वाहतुकीत अडचण काय येते? त्या बिचाऱ्याले जन्मात कोणी अडचण इचारली नव्हती. त्यानं डाव्या बैलापासून सुरुवात केली ते सासऱ्यापर्यंत गेला, गाडी काही मेहकरले पोचली नाही. मिरची तोडणाऱ्या सुभद्राबाईनं गुडघ्याचा अनुभव सांगतला. यानं तोही टिपला. (चहा आमचा. ज्याचा मिरचीशी संबंध नाही त्यालेही अनुभव येऊ लागले.)

इथवर ठीक होतं. पण बाहेरून पाहू नये, आत शिरावं, असं त्याच्या पुस्तकात हाये म्हणे. मेहकरच्या बाजारात अडत्या दयाराम रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवते, जितकी बोटं तितका चढा भाव, तोंडानं कोणी चकार शब्द काढत नाही, हे तुमाले माहीतच हाये. इंद्रभाननं घातला की हात रुमालात! व्यापारी एखादं बोट दाबून सोडून देत होते. तुमच्या सुसंस्कृत लेकानं दयारामचा अख्खा पंजा धरून साहेबासारखा हालवला. पाची बोटं, भाऊ! असा भाव त्या मिरचीले उभ्या वऱ्हाडात कोणी दिला नसता. दयारामनं रुमाल ओढला अन् "दिली!" म्हणून आरोळी ठोकली. रुमालाखालचा सौदा मोडला तर पुन्हा बाजारात कोणी हात देत नाही. पोराचं तोंड पाहून जीव तुटला माझा, खोटं नाही सांगत. कॉलेजानं अभ्यासाले दिलेली शिष्यवृत्ती मिरचीचे पैसे भरण्यात तिथंच गेली. अशाच कामाले देत असतीन ती, नाही?

तरी त्याले रागावू नका. लेकरू गुणाचं हाये.

आपला मेहुणा,
हिंमतराव

ता. क. मिरची कोणाची होती हे लिहायचं राहूनच गेलं. आमचीच. सोजराची शिंक थांबली.

पुन्हा ता. क. साखळी ताटापर्यंत पाहिल्याबिगर अभ्यास पुरा होत नाही, असं तुमचा लेकच म्हणत होता. म्हणून सारी पोती खामगावहून रेल्वेत चढवली हायेत, पत्ता तुमचा घातला. तेवढी उतरवून घ्या. वहिनींले शिंका येतीन. त्या मोजू नका म्हणा, इंद्रभानले फक्त अनुभव सांगा.