सोळा कुंड्यांतलं विरजण

८ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर द्यायचं राहून गेलं. लेक जाऊन शनिवारी तीन महिने होतील. दिवस कसा जातो म्हणून विचारतेस. जातो.

लेक कामाला होती त्या रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी नोव्हेंबरात बोलावलं होतं. लेकीच्या सोळा कुंड्या तिथल्या मांडणीवर होत्या. वाळूत लावलेला कांदा, दुसरं काही नाही. पण त्याच्या मुळांत तिने अकरा वर्षं ती बुरशी जपली होती. बाटलीत किंवा फ्रिजमध्ये ती वाढत नाही म्हणे, जिवंत मुळातच राहते. दर हंगामात त्यातलं थोडं विरजणासारखं टोमॅटोच्या रोपांना लावतात. मग रोपं निम्म्या खतावर उभी राहतात, म्हणून गिऱ्हाईक तीच मागतं. तिथल्या प्रयोगशाळेच्या बाई मोठ्या रजेवर होत्या आणि नवीन माणसाला यातलं कळत नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, पुढच्या हंगामापर्यंत तुम्ही सांभाळा, नाहीतर ओतून द्यावं लागेल. मी दोन खेपांत घरी आणल्या. गॅलरीत आहेत.

मी तिला चिडवायचो ते तुला आठवत असेल. बाप दुकानात बुरशीचं मलम विकतो आणि लेक बुरशी पाळते, म्हणजे घरातच फूट. ती हसायची. पण तिचं काम नेमकं काय, ते मी कधी नीट विचारलं नाही.

आणली तेव्हा पात फारच फिकी होती, आजारातून उठलेल्या माणसासारखी. आठवड्यातून दोनदा पाण्यातून खत देतो, मापून. अडतीस वर्षं औषधं मोजली, एक डोस चुकवलेला नाही. आता पात गडद हिरवी झाली आहे. या घरात तेवढंच काय ते सुधारतं आहे.

गुडघा शेकत जा. लिहायला आणखी काही नाही.

तुझा,
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं शिवण टाकून लिहायला बसले. दादा, खत आजच्या आज थांबव. माझा ताप उतरला तरी तू थर्मामीटर काढू द्यायचा नाहीस, तो स्वभाव काही गेला नाही तुझा.

पोरगी कॉलेजसाठी तीन वर्षं माझ्याकडे होती, तेव्हा ताटावर बसलं की हेच पुराण लावायची. मुळाचा हात जवळच पोचतो. बुरशीचे धागे केसाहून बारीक, ते मातीच्या फटीफटीतून लांब जातात आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून आणतात. त्याबदल्यात झाड त्यांना साखर देतं. मी म्हटलं होतं, म्हणजे घरजावईच की गं. तर म्हणाली, आत्या, हा जावई कामाचा आहे तोवरच. झाडाला खतातून आयतं स्फुरद मिळालं की ते त्याला जेवायला घालत नाही.

म्हणून तुझी हिरवी पात वाचली आणि वाटलं, आतला जावई उपाशी असणार. मी चुकत असेन तर चांगलंच आहे, चार माणसांत मला हस. पण बाई रजेवरून आल्या असतील तर त्यांना दाखव. आणि मनात ठेवून कुढत बसू नकोस. तू नेहमी तेच करतोस.

जेवतोस ना वेळेवर? खरं लिही.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू चुकली नाहीस.

बाई आल्या आहेत. प्रत्येक कुंडीतून थोडं मूळ कापून घेतलं, उकळलं, निळ्या रंगात बुडवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धागे असले तर निळे दिसतात. चौदा कुंड्यांची मुळं कोरी निघाली. बाईंनी आकडा वहीत लिहून घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन कुंड्यांत मात्र भरपूर आहेत. त्यांतले कांदे इतके मरतुकडे होते की मीच त्यांची आशा सोडली होती. त्यांच्यावर खत कशाला वाया घालवा, म्हणून नुसतं पाणी घालत होतो. हे बाईंना सांगताना मला मान वर करवेना.

त्यांनी मला भिंगातून बघू दिलं. मुळाच्या आत, एकेका पेशीत, निळं झुडूप. तिने हे अकरा वर्षं रोज पाहिलं आणि ती घरी आली की मी पेपर वाचत बसायचो.

आता या दोनांतूनच पुढचं लावायचं आहे. पण त्यासाठी आधी पाणी तोडून झाडं वाळवायची, मग मुळं बारीक कापून नव्या वाळूत मिसळायची. बाई म्हणाल्या, तुम्हाला जमत नसेल तर मी करते. मी म्हटलं, बिघडवलं मी, करणारही मीच. घरी आल्यावर तीनदा तांब्या भरला आणि तीनदा मोरीत ओतून टाकला. तिच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळी औषधं बंद केली होती, तेव्हाही मी मोजून काढत होतो.

जेवतो. एकवेळ.

तुझा,
दादा


२२ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नव्या नऊ कुंड्या लावल्या होत्या. काल बाईंनी मुळं तपासली, सातांत लागण झाली आहे. विरजण तुटलं नाही.

यंदा मालकीणबाईंना एकाच वाफ्यापुरतं मिळेल. बाकीची रोपं साधीच जातील, गिऱ्हाईक कुरकुर करेल. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ओतून द्या असं म्हणणारी तर मीच होते.

सातांतल्या किती घरी नेता, असं बाईंनी विचारलं. मी एकही आणली नाही. त्यांच्या मांडणीवर नीट राहतील. माझ्या हातात राहिल्या तर मी पुन्हा माया करायला जाईन.

निघताना बाई म्हणाल्या, मंगळवारी मुळं धुवायला एक माणूस हवा आहे, हलक्या हाताचा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सध्या फार थकवा असतो. तू इथे असतीस तर माझ्या वतीने परस्पर हो म्हणून मोकळी झाली असतीस.

मंगळवार परवाच आहे. पत्र तोवर पोचणार नाही, म्हणून तुला विचारतही नाही. चष्मा तेवढा पुसून ठेवला आहे.

आहेस तशीच ओरडत राहा.

तुझा,
दादा