चार ओळींची चाल

चंद्रपूर, ८ डिसेंबर १९८६

ती. सोमाजीभाऊस,
धाकट्या गिरजाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शाळेला सरकारी संगणक मिळाला आणि गणिताची बाई म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आहे: एक सूर घे, मनाला येईल तसा एक-दोन पायऱ्या वर किंवा खाली सरक, तो वाजव, पुन्हा तेच कर. एवढ्यावर ते यंत्र तासभर वाजत राहतं. पुढचा सूर कोणता, ते मलाही ठाऊक नसतं. मुख्याध्यापक म्हणाले, हे पाढ्यांसाठी आहे, पिपाणीसाठी नाही. पुन्हा आवाज आला तर खोलीची किल्ली काढून घेईन.

भाऊ, हे संगीत आहे की नुसता आवाज, तूच सांग. वडशाला निघालेल्या ठमामावशीजवळ कॅसेट देते. नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणाऱ्याने हसू नये, एवढीच अट. वहिनीस जयभीम. या वेडेपणानंतरही लोभ राहू दे.

तुझी,
गिरजा

वडसा, १९ डिसेंबर

चि. गिरजास आशीर्वाद.

कॅसेट आयकलो. हासलो नाई. तुयी मशीन दम घेत नाई, गाणाऱ्यासाठी थांबत नाई. पण मधात एके ठिकाणी ते अशी खाली उतरली का मी जेवता जेवता उठलो.

तुले सांगतो, तुया वहिनीलेही सांगितलं नाई. दिवाळीपासून माह्या डाव्या हाताची दोन बोटं उठत नाई. कुरखेड्याच्या प्रयोगाले सूर चुकला, नटी तशीच उभी राह्यली. मालक देवाजीभाऊनं पाह्यलं. रागावले असते तं बरं झालं असतं. बावीस वर्ष झाले, मले दुसरं काही येत नाई. अजून कॅसेट पाठवू नको, जीव थाऱ्यावर राहत नाई.

माया असू दे.
सोमाजी

चंद्रपूर, २६ डिसेंबर

ती. भाऊस सप्रेम जयभीम.

आधी डॉक्टरला हात दाखव आणि वहिनीला सांग. कॅसेट पाठवायचा प्रश्नच उरला नाही. परवा किल्ली गेली. मी पुन्हा वाजवलं आणि पकडले गेले. त्या यंत्राला काय वाजवलं ते आठवत नाही, भाऊ. तू जिथे उठलास, ते सूर तू तरी धरून ठेव. त्याला उजवा हात पुरेल.

काळजीत,
गिरजा

वडसा, २० जानेवारी १९८७

चि. गिरजास आशीर्वाद.

नागपूरचे डॉक्टर म्हणते, नस गेली, बोटं आता येत नाई. तुया वहिनीले सांगितलं. मंग ते देवाजीभाऊकडे माह्यासंगं आली. मी म्हटलं, "भाऊ, आता माह्यानं वाजवणं होत नाई. चाल बसवून देतो, जमते का पाहा."

कॅसेटीतले अकरा सूर घेतले. नाटकात माय लेकाले निरोप देते, तिथी बसवले. मधात दोनदा थांबा टाकला, नटीले दम घेता यावा म्हणून. अहेरीच्या प्रयोगाले ऑर्गनवर कोलू होता, नवा माणूस. मी पहिल्यांदाच खाली मंडपात, धानाच्या तणसावर लोकायमधी बसलो. ते गाणं आलं. बाजूची बाई तोंडाले पदर लावून होती. देवाजीभाऊ म्हणाले, पुढच्या नाटकाच्या चाली तुह्याच.

कंपनीत राह्यलो, पोरी. पण ऑर्गनचा भाता पायानं मारावा लागते. कोलू तिकडे वाजवत होता अन् माह्ये पाय तणसात भाता मारून राह्यले होते. हातानं दाबून धरले, तरी थांबले नाई.

तुया वहिनीचे आशीर्वाद. आठवण ठेवजो.
सोमाजी