एक्सलवरचा काळा रंग

मंगळवार, संध्याकाळ

गाडी गॅरेजातून आली. ब्रेक छान लागतात, ते मान्य. पण मागचा एक्सल नवा टाकला म्हणतो, तर त्यावर ओला काळा रंग काहून? जुना दाखव म्हटलं, तर मिस्त्री हसला, "कबाड में गया, भैया."

मुलगी उद्या हीच गाडी घेऊन सिलतऱ्याला कामावर जाणार. तिला म्हटलं, "थांब, मले पाहू दे."

"बाबा, आप तो सब पे शक करते हो."

असेन संशयी. गाडीखाली हात घातलाच. जुन्या एक्सलला डावीकडे वेल्डिंगचा गोळा होता. रंगाखाली बोटाला तोच लागला.

चावी माझ्या खिशात आहे. मुलगी बसने जाईल. उद्या मिस्त्रीचंच बोट धरून त्या गोळ्यावर ठेवीन आणि विचारीन, मग कबाडात काय गेलं?