पांढऱ्या बाईचं बाळ

आई, तुला एक विचारायचं राहिलंय, पण आधी बातमी सांगते. पांढरी बाई आज घरातून गेली. कर्जतच्या ज्या बंगल्यात तू स्वयंपाकाला होतीस, तिथल्या ख्रिस्ती बाईंचा भाचा तिला न्यायला आला होता. हस्तिदंत घरात ठेवायचं तर आता सरकारी कागद लागतात, ते त्याच्याकडे आहेत. मी चहा केला, तिची ती हस्तिदंती पट्टी धुतल्या फडक्यात बांधून दिली. मला काही वाटलं नाही.

बाईंनी ती तुला दिली तेव्हा पदराखाली धरून तू खालापूरला आणलीस. तळहाताएवढी कोरीव पट्टी, त्यात मेरी आणि मांडीवर तिचं बाळ. तू तिला देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसवलीस. शेजारीण म्हणाली, "अगं, त्यांचा देव हाय तो." तू म्हणालीस, "बाळंतीण हाय ती. बाळंतिणीला कसली गं जात?" मग आळीत कुणाची पाचवी असली की सटवाईच्या पाटावर मांडायला बायका हिला मागून नेऊ लागल्या. आणि दर दिवाळीला तू पितळी देवांबरोबर तिलाही चिंच लावून घासायचीस. देव लखलखायचे. त्या बाळाचं मात्र आधी नाक झिजलं, मग डोळे. मी टोकलं तर म्हणायचीस, "मग देवाला पारोसं ठेवू काय?" भाच्याने आज पट्टी उजेडात धरली आणि बाळाचा चेहरा कुठे गेला म्हणून विचारलं. मी चिंचेचं सांगितलं. तो हसला नाही. बरा माणूस वाटला.

माझं बाळ पाचवीपर्यंत पोचलंच नाही. मी शुद्धीवर नव्हते. तू त्याला दुपट्यात घेऊन सकाळभर बसली होतीस म्हणे, मग पुरुषमंडळी घेऊन गेली. मी डोळे उघडले तेव्हा तू म्हणालीस, "इचारू नको गं." मी विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या आजारात पाय चेपत बसायचे तेव्हाही नाही. तुला त्रास नको म्हणून गप्प राहिले असं सगळ्यांना वाटलं, तूही तेच समजलीस. खरं म्हणजे मला भीती वाटायची, की तू सांगशील आणि मला तरीही काहीच वाटणार नाही. हे मी कुणाला दाखवणार नाही, फाडून टाकीन. पण लिहिते आहे तोवर सांग, कुणावर गेलं होतं गं ते?