माझा झालेला सत्कार आणि न झालेली निवड

भिवंडी, धामणकर नाक्याजवळ,
शुक्रवार, १५ मार्च १९७४

तीर्थरूप लडकूमामांच्या पायांशी,

भाचा केसरीनाथ याचा भिवंडीहून साष्टांग नमस्कार. इकडे मी, तुमची भाचेसून तुळजा आणि छापखान्याचं मशीन असे तिघेही आहोत, त्यातल्या त्यात मशीन ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामी देते तो पाला खरंच बांधता, की बांधला म्हणून तिला नुसतं सांगता? म्हैस व्याली का? पारडी झाली असेल तर मामीचं अभिनंदन, रेडा झाला असेल तर काही न बोललेलं बरं.

आता जे घडलं ते मुळापासून सांगतो, म्हणजे पडघ्याच्या बाजारात कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी तुम्हाला खरं ठाऊक असेल. दिल्लीच्या एका विद्यापीठाने जानेवारीत जाहिरात दिली की वर्तमानपत्रवाले, यंत्रांची विद्या जाणणारे आणि सरकारी धोरण आखणारे अशा तीन जातींच्या कामकरी माणसांना फेलोशिप देणार. फेलोशिप म्हणजे काय हे तुम्ही विचारणारच. तर असं समजा, की नांगराचा बैल नऊ महिने गोठ्यात उभा करायचा, त्याला वेळच्या वेळी पेंड घालायची आणि मधून मधून विचारायचं की नांगरटीबद्दल आपलं मत काय. परीक्षा नाही, हजेरी नाही, काम तर नाहीच नाही. (माहितीपत्रात याला ‘चिंतन’ म्हटलंय. आमच्याकडे हेच तुळजा दुसऱ्या शब्दाने म्हणते.) अकरा वर्षं मी ‘पहारा’ साप्ताहिक काढतो, संपादक मी, बातमीदार मी, पत्ते चिकटवणारा मी. म्हटलं, चिंतनावर माझ्याएवढा हक्क आणखी कोणाचा?

अर्ज अठरा पानांचा होता. एका रकान्यात वरिष्ठांची परवानगी जोडा असं होतं. आता मला वरिष्ठ कुठून आणू? शेवटी मी संपादक या नात्याने मालकाकडे रजेचा अर्ज केला, मालक या नात्याने तो थोडे आढेवेढे घेऊन मंजूर केला, आणि दोन्हीखाली सह्या वेगवेगळ्या वाटाव्यात म्हणून एक डाव्या हाताने केली. पुढच्या रकान्यात विचारलं होतं की नऊ महिने तुम्ही नसाल तर तिथे काय अडेल. मामा, असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी पुरवणी जोडून चार पानं लिहिली, की मी नसलो तर भिवंडीचं तोंडच बंद होईल, गटारं कोणी मोजणार नाही, खड्डे कोणी छापणार नाही, लोक सैरभैर होतील.

मुलाखतीचं बोलावणं आलं, मुंबईला, सत्तावीस फेब्रुवारी, बुधवार. इथेच घोळ झाला. बुधवारी रात्री आमचा अंक मशीनवर चढतो. आमच्या धंद्याची रीत तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो: खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, कमी आणि वीज लहरी, त्यामुळे आमचा कंपोझिटर बाळाराम कुठल्याही समारंभाची बातमी समारंभाच्या आधीच जुळवून ठेवतो. ‘थाटात पार पडला’ आणि ‘प्रचंड जनसमुदाय लोटला’ या दोन ओळी तर तो कधी सोडवतच नाही, सुतळीने बांधून फळीवर तयार असतात. अकरा वर्षांत या रीतीने दगा दिला नाही, कारण समारंभ कसाही पार पडला तरी तो थाटातच पडतो. तेव्हा निघताना बाळारामने विचारलं, मुलाखत आहे असं लावू की निवड झाली असं लावू. मी एस.टी.च्या घाईत होतो. म्हटलं, बोलावलंच आहे तर झालीच की. लाव.

मुंबईत बाकड्यावर माझ्याबरोबर एक सरकारी साहेब बसले होते. ते यंत्रमागाचं धोरण लिहितात. मी सहज विचारलं, माग पाहिलाय का? म्हणाले, हो तर, फाईलमध्ये फोटो आहे. त्यांची निवड झाली. आत तीन प्राध्यापक होते. त्यांनी माझी चार पानं पुन्हा पुन्हा वाचली, एकमेकांना दाखवली, एकाने तर चष्मा पुसला. मला वाटलं, जिंकलं. परत आलो तर अंक बाहेर पडलेला, पहिल्या पानावर चौकटीत ‘आमच्या संपादकांची दिल्ली विद्यापीठात निवड’ आणि खाली माझा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो, केसांसकट.

त्यानंतर गावाने जे प्रेम दाखवलं ते काय सांगू. गेल्या रविवारी, दहा तारखेला, सत्कारच झाला. पुढाकार कोणाचा, तर चांगदेवशेठचा. सुताला खळ लावायचा त्यांचा कारखाना, त्याचं घाण पाणी रस्त्यावर सोडतात म्हणून मी सहा अंकांत त्यांना झोडपलंय, आणि त्याच माणसाने मला शाल पांघरून हार घातला. मंडप त्यांचा, पेढे त्यांचे. एका रस्ते-ठेकेदाराने (यांचे खड्डे मी क्रमांक देऊन छापतो) मला मिठी मारून विचारलं, ये नौ महिने का साल भर नहीं हो सकता क्या, आम्ही सगळे अर्जावर सह्या देतो. मी सद्गदित झालो. भाषणात म्हटलं की भिवंडीकरांनी एवढा जीव लावल्यावर माझा पाय निघणार नाही, तर समोरची पहिली रांग एकदम गप्प झाली. मला वाटलं, गहिवरून.

सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, अकरा तारखेला, दिल्लीचं पत्र आलं. जाड कागद, वर शिक्का. लिहिलंय: ‘आपल्या शहराला आपली असलेली नितांत गरज आपण स्वतःच इतक्या समर्थपणे मांडली आहे, की आपणास तेथून हलवणे समितीला अन्यायाचे वाटते.’ मामा, माझ्याच चार पानांनी मला बुडवलं. मी ते पत्र छपाईच्या कागदाच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय आणि चार दिवस नाक्यावर गेलेलो नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. विद्यापीठाचं नाही एवढं. पण ज्यांनी शाल दिली त्यांना काय तोंड दाखवू?

बाकी सर्व क्षेम. मामीस नमस्कार, लहानथोरांस यथायोग्य.

आपला आज्ञाधारक,
केसरीनाथ

ता. क. आता मुख्य काम. तुमच्या घराचा माळा नऊ महिने रिकामा मिळेल काय? मी उजेडात खाली उतरणार नाही, भाताचं पोतं समजून ठेवा. गावात कोणी विचारलंच तर दिल्लीहून पत्र येतं म्हणून सांगा, पत्रं मी वरूनच लिहीन. जेवण साधं चालेल. तुळजाला अजून काही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. तुळजाला सगळं ठाऊक होतं. गठ्ठ्याखालचं पत्र तिने त्याच दिवशी बाळारामकडून वाचून घेतलंय. आत्ताच चांगदेवशेठचा माणूस तिसऱ्यांदा विचारून गेला की संपादकसाहेब निघणार कोणत्या दिवशी, सामान न्यायला शेठ ट्रक देतायत. मी तुळजाला म्हटलं, बघ किती माया आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी मोठे झालाव म्हणून न्हाय हार घातला त्यांनी. तुमी जाताव म्हणून घातलाय.” मी दाराशी जाऊन बघितलं. खळीचं पाणी रविवारपासून आमच्या पायरीपर्यंत आलंय. मी नऊ महिने नाही म्हणून त्यांनी आत्ताच नळ मोठा करून टाकला. मामा, दिल्लीच्या पत्राने मी रडलो नव्हतो, पण त्या पाण्यात चप्पल भिजली तेव्हा डोळे भरून आले.

ता. क. तिसरा. माळा झाडू नका. उद्या, शनिवारी, जादा अंक काढतोय. बाळारामने पहिल्या पानाची चौकट जुळवली, घडून गेल्यावर जुळवलेली ही आमची पहिलीच बातमी. मजकूर असा: ‘२८ फेब्रुवारीच्या अंकात संपादकांच्या निवडीचे वृत्त चुकीने छापले गेले, याबद्दल सत्कार समितीची आम्ही मनापासून क्षमा मागतो. संपादक कोठेही जात नाहीत.’