स्नानगृहाच्या पडद्यावरील अक्षर

ती. किनुएताईस,
इओरीचा साष्टांग नमस्कार.

इकडे तोक्योत उकाडा असा की शाई कुंचल्यावरच सुकते. तुझे गुडघे आता कसे आहेत? भावोजी ठणठणीत असणारच. रसिकतेचा भार ज्यांना वाहावा लागत नाही, त्यांची प्रकृती सहसा उत्तम राहते.

आपल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या दारावरील नव्या पडद्यासाठी त्यांनी निवडलेल्या अक्षराचा फोटो मिळाला. अक्षर म्हणून ते काय आहे हे सांगणे कठीण. वाफेवर विसरून राहिलेली मोची, तांदळाचा तो चिकट लाडू, म्हणून मात्र निर्दोष आहे. सख्ख्या भावाने अर्धे आयुष्य खर्चून हाताने रेखाटलेला ‘ओइरी’ हा ठसठशीत अक्षरसंच घरात असताना बाहेरून मोची आणावी लागली, याचे कारण तू फोनवर दिलेसच: “अरे, तुझी ती जाडी अक्षरं गावात फक्त मयताच्या हॉलवर आहेत! म्हातारी माणसं बघतील आणि न्हायच्या आधीच घरी पळतील.”

ताई, ‘ओइरी’ म्हणजे तुडुंब भरलेले नाटकगृह. जुन्या नाट्यपाट्यांच्या रीतीप्रमाणे त्यातली रेघ जाड, मधला पांढरा भाग जवळजवळ नाहीच (रिकामी बैठक दिसू नये म्हणून) आणि टोके आत वळलेली (प्रेक्षकांनी आत वळावे म्हणून). हे अक्षर लोकांनी कुठे वापरावे? एका दंतवैद्याने दाढ काढण्याच्या जाहिरातीत. एका बाईंनी हरवलेल्या मांजराच्या पत्रकावर (वाचणाऱ्याला वाटावे, मांजराचा आज पहिला प्रयोग आहे). आणि आपल्या गावी, अंत्यविधीच्या सभागृहावर!

गेल्या आठवड्यात मी तिथे जाऊन आलो. (तुझ्याकडे आलो नाही, भावोजी घरी असण्याची शक्यता होती.) व्यवस्थापक अकुत्सु कमरेत वाकून म्हणाले, “या, या, सेन्सेई! तुमची पाटी चढली आणि तेव्हापासून एक दिवस हॉल रिकामा नाही बघा!”

हे अक्षर माणसांना आत ओढण्यासाठी घडवले आहे, ते इथे लावणे अभद्र आहे, हे मी त्यांना शास्त्रशुद्ध रीतीने समजावले. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे गुण आलाच की! आणि आमच्याकडं आलेला माणूस कधी तक्रार करत नाही, सेन्सेई.”

अशा जगात पडद्यासारख्या क्षुद्र वस्तूसाठी मी आग्रह धरीन, असे तुला वाटत असेल, तर तू मला ओळखले नाहीस. उन्हात फिरू नकोस, जवाचा थंड चहा घेत जा.

तुझा धाकटा,
इओरी

ता.क. निळ्या सुती कापडाचा एक पडदा परवा तुझ्या पत्त्यावर रवाना झाला आहे. अक्षर मी स्वतः, फक्त त्याच्यासाठी, नव्याने काढले आहे. घडी अक्षरावर पडू देऊ नकोस. स्नानगृह उघडण्याच्या दिवशी तोच लावावास, एवढीच विनंती. नंतर हवे तर त्याने लाद्या पुसा.

ता.क. २ अकुत्सु अखेर पाटी उतरवायला कबूल झाले, मात्र बदली अक्षर सुचवण्याच्या अटीवर. शोकाकुलांना धीर देईल असे सौम्य, गोलमटोल काहीतरी हवे होते. मी भावोजींच्या पसंतीचे अक्षर दाखवले. अकुत्सुंना ते इतके आवडले की नवी पाटी सोमवारी चढते आहे. आता म्हातारी माणसे कोणते अक्षर बघून घरी पळतील, ते भावोजींना जेवण झाल्यावर सांग. त्यांची भूक मरू नये.